सोमाजी पाण्यात होते

"आमच्या बाटल्या कोनी पाह्यल्या का जी?"

बाईनं हे विचारलं तेव्हा मी बावीस माणसांची कणीक मळत बसले होते. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर आलेली बट मनगटानं मागे सारतेय, आणि मनात नुसती दिवाळी. कारण ती सकाळ माझी होती. शिबिराचा कारभार पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या हातात आला होता आणि तो मी कसा झकास केला, याचं वर्णन नुकतंच सरांना ऐकवून झालं होतं.

बाई आमच्या तंबूंच्या अलीकडेच थांबली होती. पन्नाशीची, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. आदल्या दिवशी तलावाच्या पाळीवरून, त्या मातीच्या बांधावरून, खांद्यावर वल्हं टाकून जाताना मी तिला पाहिलं होतं. ढिवरटोलीतली, म्हणजे तलावाकाठच्या मासेमारांच्या वस्तीतली.

"कसल्या बाटल्या?" मोहरील सरांनी विचारलं.

"पान्याच्या जी, पिलास्टिकच्या. आमच्या जाळ्याले खुनेसाठी बांधल्या रायतेत. सात जाळे, चौदा बाटल्या. एकबी दिसून नाई रायली."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. माझ्या तंबूमागे दोन पोती टच्च भरून उभी होती, आणि तासाभरापूर्वीच त्या पोत्यांना मधे घेऊन आम्ही सगळ्यांनी फोटो काढला होता.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. तेव्हा मी तिशीची होते, नागपूरला एका शाळेत भूगोल शिकवत होते आणि 'पायवाट' नावाच्या आमच्या भटक्यांच्या मंडळासाठी सात वर्षं मर मर मरत होते. मोहरील सर मंडळाचे संस्थापक. निवृत्त ड्रॉइंग मास्तर. शिस्त अशी, की तंबूची खुंटी तिरकी दिसली तर जेवण थांबायचं. दर डिसेंबरात खैरपाळच्या मोठ्या तलावावर त्यांचं चार दिवसांचं शिबिर असे. भोवती सागाचं, मोहाचं, साजाचं जंगल, मधे नजर पोचणार नाही एवढं पाणी, आणि काठावर आम्ही बावीस नागपूरकर, पोहे खात निसर्गावर प्रेम करायला आलेले.

सरांचे गुडघे गेले होते. त्या वर्षी निघतानाच ते म्हणाले होते, "पुढच्या वर्षीपासून हे दुसऱ्या कोणी सांभाळायचं. कोणी, ते मी परत येताना सांगेन." दुसऱ्या कोणी म्हणजे एकतर मी, नाहीतर अरविंद घुले. अरविंदला मंडळात येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती, पण त्याच्याकडे जीप होती.

मला ते शिबिर हवं होतं. खोटं कशाला बोलू, फार हवं होतं. घरी माझ्या भटकण्याला 'थेरं' म्हणत. एकदा का शिबिरप्रमुख म्हणून नाव लागलं असतं, की थेरांचं काम झालं असतं आणि कामाला कोणी नावं ठेवत नाही.

तर त्या सकाळी सर अरविंदच्या जीपनं वनखात्याच्या कचेरीत गेले, परवानगीच्या कागदावर सही आणायला. जाताना म्हणाले, "वृंदा, मी येईपर्यंत तू बघ. पक्षी दाखव, झाडं ओळखून घे. पाण्यात कोणाला उतरवू नकोस."

पक्षी काय, कोणीही दाखवतं. मला काहीतरी करून दाखवायचं होतं. पाळीवर चढून पाहिलं तर दूर पाण्यात बाटल्या तरंगताहेत. उन्हात चकाकणाऱ्या, प्लॅस्टिकच्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथंच उभं राहून मी एक भाषण ठोकलं. लोक सहलीला येतात, घाण करून जातात, चक्रवाकासारखे पाहुणे कुठून कुठून येतात आणि आपण त्यांना काय देतो, वगैरे. भूगोलाच्या तासाला मुलं जांभया देतात, इथं मात्र माणसं पेटली. सगळे काठाकाठानं गुटख्याच्या पुड्या वेचायला लागले, आणि पाण्यातल्या बाटल्या आणायला मी आमचा तराफा काढला. ट्रकच्या चार ट्यूबा, वर बांबूची चौकट, मंडळानं स्वतः बांधलेला. पाण्यात उतरू नका, असं सर म्हणाले होते. तराफा पाण्यावर असतो, अशी मी माझी समजूत घातली.

"मी येते गं तुझ्याबरोबर," वैद्यकाकू म्हणाल्या. "लहानपणी वैनगंगेत पोहलेय मी."

वैद्यकाकू साठीच्या, गोल गरगरीत, आणि तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की रात्री झोपेपर्यंत बंद नाही. नवरा गेल्यापासून त्या आमच्या प्रत्येक शिबिराला येत, पिशवीत क्रोशाची सुई आणि दोऱ्याचा गुंडा घेऊन. त्या बोलत आणि आम्ही ऐकल्यासारखं करत असू.

बेशरमीच्या झुडपांचं एक टोक तलावात लांबवर शिरलं होतं. ते ओलांडलं की काठावरच्या माणसांना आम्ही दिसत नव्हतो. पहिली बाटली तिथून पुढं, पाण्यात वाळून उभ्या राहिलेल्या एका साजाच्या खोडाजवळ होती. मी हात घालून उचलली तर उचलेना. तिच्या गळ्याला निळी दोरी होती आणि दोरी सरळ खाली पाण्यात गेलेली.

"अगं, ही बांधलेली आहे," काकू म्हणाल्या.

"बांधून फेकली असेल कोणीतरी."

"बांधून कोण फेकतं गं? आणि गाठ बघ ना. त्या पलीकडच्या बाटलीलाही अशीच दिसतेय. चाळीस वर्षं विणतेय मी, वृंदा. ही कोणीतरी मन लावून मारलेली गाठ आहे."

"काकू, तुम्ही पोतं धरा."

मी चाकूनं गळ्याशी दोरी कापली. दोरी सुळकन खाली गेली. दुसऱ्या बाटलीचं झाकण डांबर लावून बंद केलेलं होतं. तिसरी उचलताना दोरीखाली काहीतरी जड हललं, आणि मला कळलं. जाळं, हा शब्दसुद्धा मनात आला. पण तीन बाटल्या पोत्यात पडल्या होत्या, बेशरमीच्या पलीकडून "सापडल्या का?" असं कोणीतरी ओरडत होतं, आणि आता रिकाम्या हातानं परत जाऊन 'माझं चुकलं' म्हणायचं म्हणजे सकाळच्या त्या भाषणाचा पार बोऱ्या वाजला असता. मी चौथी कापली. मग पाचवी. काकू दोनदा काही बोलल्या, मग बोलायच्या थांबल्या. चौदाच्या चौदा बाटल्या कापून मी परत आले. काठावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाटल्यांची झाकणं उघडून, त्या पायानं चेपून, काठावरच्या कचऱ्याबरोबर पोत्यांत भरल्या आणि फोटो काढला.

आणि आता त्या बाटल्यांची मालकीण पुढ्यात उभी होती.

"वृंदा?" सर म्हणाले.

"हो, बाटल्या आम्ही उचलल्या," मी म्हणाले. आवाज अगदी नीट निघाला, याचं मला आजही नवल वाटतं. "पण त्या काठाला लागल्या होत्या. इकडे पूर्वेला, बेशरमीत अडकलेल्या. आम्हांला कचरा वाटला." तराफा बेशरमीच्या आड गेल्यावर काय झालं, हे काकूंखेरीज कोणी पाहिलं नव्हतं.

शेजारी काकू लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

बाईला माझं खोटं पटलं. नुसतं पटलं नाही, तिनं ते स्वतःच पुढं पूर्ण केलं. "होय बापा. राती वारा लय सुटला होता. म्हन्जे वाऱ्यानं जाळे ओढत आनले इकडं, अन दोऱ्या तुटल्या." मग ती पूर्वेच्या काठाकडं बघत राहिली. "तिकडं त समदे खुंटंच हायेत. तलाव बांधला तवाचे, पान्यात बुडेल. जाळं खुंटात गुतलं का आजच्या आज काढा लागते. नाई त मासा सडते, अन खेकडे, कासवं मिळून जाळ्याच्या चिंध्या करते."

"नवी होती का जाळी?" सरांनी विचारलं.

"यंदाचीच जी. पान्यापावसाचे चार महिने घरात बसून विनले मी सातई." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "बाई, बाटल्या फेकू नोका. आमच्या यायले सांगते मी. थे काढतीन."

तिचं नाव यशोदाबाई वलथरे. 'आमच्या यायले' म्हणजे तिच्या यजमानांना, सोमाजींना. सर मागून म्हणाले, "आमची काही मदत?" तर ती म्हणाली, "तुमी जेवा निवांत. आमचं रोजचंच हाय."

अर्ध्या तासात सोमाजी आले. साठीचे असतील, अंगावर मांस म्हणून नाही, कमरेला पंचा. डोंगा, म्हणजे त्यांची लहान होडी, पूर्वेच्या काठाला नेऊन त्यांनी खुंटांमध्ये, बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांमध्ये, उभा केला, हातातला लांब बांबू पाण्यात फिरवला, आणि तो काही लागेना तेव्हा पाण्यात उडी घेतली. दोन पुरुष पाणी होतं तिथं. डिसेंबरातलं पाणी. सकाळी तोंड धुताना आम्ही त्या पाण्याला हात लावून किंचाळलो होतो.

यशोदाबाई डोंग्यात बसून सांगत होती, इकडं बघा, त्या खुंटाच्या बुडाशी बघा. ते वर यायचे, डोंग्याची कड धरून धापा टाकायचे, खोकायचे आणि परत जायचे.

आम्ही जेवत होतो. पंगत पाळीखालच्या मोहाच्या सावलीत बसली होती आणि तिथून सगळं समोरच दिसत होतं. मी पोळ्या वाढत होते. माझा हिशोब साधा होता. जाळी तिथं नाहीत, तेव्हा ती तिथं सापडणार नाहीत. मग सोमाजी आपणहून रोजच्या जागी, त्या साजाच्या खोडाकडं जाऊन बघतील, तिथं ती सापडतील, आणि मला तोंड उघडायची गरजच पडणार नाही. आता जातील, मग जातील, असं म्हणत मी बघत राहिले. पण ते गेले नाहीत. शाळेतल्या मास्तरीणबाईंनी जागा सांगितली होती, मग दुसरीकडं कशाला जातील? ते माझ्या शब्दावर खुंटामागून खुंट धुंडाळत होते.

भांडी घासायच्या निमित्तानं मी काकूंना बाजूला गाठलं. "काकू, तुम्ही काही बोलला नाहीत."

"मी काय बोलू?" त्या राखेनं पातेलं घासत राहिल्या. "मी सांगितलं तर ती चहाडी होते गं. तू सांगितलंस तर ते सांगणं होतं. तुझ्या तोंडून येऊ दे."

"सर शिबिर काढून घेतील माझ्याकडून."

"घेतीलही," काकू म्हणाल्या. एवढं तोकडं वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मी परत आले तेव्हा सर माझ्या तंबूमागून येत होते. हातातली काठी झाडाला टेकवून ते खुर्चीत बसले.

"वृंदा, काही सांगायचंय का तुला?"

असं सोपं करून कोणी विचारत नाही. नुसतं हो म्हणायचं होतं. अरविंद चार पावलांवर जीपचं बॉनेट पुसत होता. त्याचे कान इकडंच होते.

"नाही सर."

"बरं," सर म्हणाले आणि त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. तलावाकडं तोंड करून ते तसेच बसून राहिले. पक्षी बघत असतील, असं मला वाटलं.

साडेअकराला सोमाजी पाण्यात उतरले होते. दीड वाजून गेला. मंडळी आडवी झाली, कोणी पत्ते काढले. दर वेळी सोमाजींचं डोकं पाण्याखाली गेलं की माझाही श्वास थांबायचा. आता वर येतील, आता येतील. एकदा ते बराच वेळ वर आले नाहीत. यशोदाबाई डोंग्यात उठून उभी राहिली. मग ते दुसऱ्याच खुंटाजवळ वर आले आणि त्याला मिठी मारून राहिले. दोन वाजता तिनं त्यांना बळेच काठावर आणलं.

मी चहा केला. दुसरं काय करणार? दोन पेले घेऊन गेले. यशोदाबाईनं वाळक्या फांद्यांचा जाळ केला होता आणि सोमाजी त्याच्या इतके जवळ बसले होते की पंचा पेटेल. ओठ निळे पडले होते. पावलाला खुंटाची मोठी चीर गेली होती आणि तिच्यावर यशोदाबाईनं पदराची चिंधी फाडून बांधली होती. पेला हातात धरवत नव्हता, दात त्याच्या काठावर वाजत होते.

"बसा ना बाई," यशोदाबाई म्हणाली. मी उभीच राहिले, तसं तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. "तुमी कायले एवढंसं तोंड करून रायल्या? तुमाले का ठाऊक होतं?"

मी दुसरा पेला तिच्यापुढं केला.

सोमाजींनी चहा संपवला. खोकल्याची उबळ जाऊ दिली. मग मला म्हणाले, "चांगला केला च्या." आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "येक डाव त्या कोपऱ्यातल्या खुंटाले पाह्यतो. तितंच असन."

"नका जाऊ," मी म्हणाले. "जाळी तिथं नाहीत."

दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

"जाळी तुमच्याच जागेवर आहेत. साजाच्या खोडापासून पलीकडं. बाटल्या काठाला आल्या नव्हत्या. मी तराफ्यावरून गेले आणि चाकूनं कापल्या. बांधलेल्या आहेत हे मला दिसलं होतं. मला कळलं होतं."

मला वाटलं होतं सोमाजी शिवी देतील. मारलं असतं तरी मी उभी राहिले असते. त्यांनी मान वळवून साजाच्या खोडाकडं पाहिलं.

"मंग वाऱ्यानं नाई ओढले?"

"नाही."

"म्हन्जे जाळे जागेवर हायेत," ते यशोदाबाईला म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क बरं वाटल्याचं दिसलं. त्या माणसाला त्या क्षणी फक्त जाळी सुचत होती. माझं काय करायचं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि त्याची मला जेवढी लाज वाटली तेवढी कशाचीच वाटली नाही.

यशोदाबाईनं त्यांना पाण्यात उतरू दिलं नाही. "तुमी बसा जाळापाशी," म्हणाली, आणि मला म्हणाली, "चाला, दाखवा." डोंग्यात मी पुढं बसले, ती मागं उभी राहून वल्हवत होती. साजाच्या खोडापाशी तिनं बांबूच्या टोकाला लोखंडी आकडी बांधली आणि तळाशी फिरवायला लागली. पहिल्याच फेऱ्याला दोरी लागली. जाळं वर आलं, चिखलात माखलेलं, कमळाच्या देठांत गुरफटलेलं, पण धड होतं, आणि त्यात मासे तडफडत होते. मी ओढायला हात घातला. तिनं तो बाजूला केला नाही. अडीच तासांत जे झालं नव्हतं, ते पाऊण तासात झालं. सहा जाळी नीट निघाली. सातवं मधोमध फाटलं होतं.

आम्ही काठाला आलो तेव्हा आमची सगळी मंडळी पाळीखाली गोळा झाली होती. काहीतरी बिनसलंय, एवढं सगळ्यांना कळलं होतं. मी चिखलाच्या हातांनीच सरांसमोर जाऊन उभी राहिले.

"सर, मी सकाळी खोटं बोलले. बाटल्या मी कापल्या. कशाच्या आहेत हे कळल्यावरही कापल्या. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा परत खोटं बोलले. शिबिर अरविंदला द्या."

सर काठी टेकत पुढं आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सात वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "जेवणं झाल्या झाल्या मी पोत्यात पाहिलं. बाटल्यांच्या गळ्यात दोरीचे तुकडे होते, चाकूनं सरळ कापलेले. वाऱ्यानं दोरी अशी तुटत नाही. मी तुला विचारलंही. मला एवढंच बघायचं होतं, की तू स्वतःहून सांगतेस की नाही. सांगितलंस. चूक कोणीही करतं, वृंदा. कबूल करणारा लागतो. पुढच्या वर्षीपासून शिबिर तुझं."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "म्हणून तर मीही गप्प राहिले गं. म्हटलं, तिचं तिनं सांगावं. नाहीतर मला काय, सकाळपासून सगळं माहीत होतं."

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. अरविंदनंसुद्धा हात पुढं केला. आणि मला, खरं सांगते, आनंद झाला. घरी जाऊन काय सांगायचं, तेही मनात येऊन गेलं. सगळं वाईट संपून आता काहीतरी चांगलं झालं, असं मला वाटलं.

यशोदाबाई आमच्या मागंच, चार हातांवर बसली होती. मांडीवर जाळं घेऊन एकेक मासा सोडवत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "तुमाले ठाऊक होतं जी?"

प्रश्न सरांना होता. सर वळले. "हो, बाई."

"जेवनं झाल्याबरोबरच?"

"हो."

"अन या बाईले?" तिनं मानेनंच काकूंकडं दाखवलं. "सकाऊनच?"

"हो गं," काकू म्हणाल्या.

"अन हिले त होतंच." तिनं एक मासा सोडवून टोपल्यात टाकला. ती चिडली नव्हती. शाळेत एखादी मुलगी गणित नीट कळावं म्हणून परत परत विचारते, तसं तिचं चाललं होतं. "म्हन्जे तिघायले ठाऊक होतं." मग तिनं जाळापाशी बसलेल्या सोमाजींकडं पाहिलं. "मंग यायले, पान्यातून बाहेर या, असं कोनी काऊन नाई म्हनलं?"

मोहरील सरांनी काठीचं टोक मातीत रोवलं, उपसलं, परत रोवलं. खुर्चीत बसून दुर्बिणीतून ते पक्षी बघत नव्हते, हे मला तेव्हा कळलं. दीड-दोन तास ते सोमाजींना बघत होते आणि माझी वाट बघत होते. काकू माझी वाट बघत होत्या. मी सोमाजी आपणहून जागा बदलतील याची वाट बघत होते. आम्ही तिघंही सुशिक्षित, तिघंही आपापल्या जागी विचार करणारी माणसं, आणि आमचा विचार होईपर्यंत तो माणूस पाण्यात होता. सरांचा हात अजून माझ्या खांद्यावर होता. तो त्यांनी काढून घेतला.

"जाऊ दे वो," सोमाजी जाळापाशी बसल्या बसल्या म्हणाले. आम्ही असे उभे राहिलेलो बघून त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं. "गवसले ना जाळे. पाहुने हायेत ते. यायले दोन मरळ दे."

यशोदाबाईनं टोपल्यातल्या सगळ्यांत मोठ्या दोन मरळ काढल्या, गवताच्या काडीत ओवल्या आणि माझ्या हातात दिल्या. मी त्या घेतल्या. नाही म्हणायची सोय नव्हती. आमच्यात कोणी त्या खाल्ल्या नाहीत, हे मात्र मी तिला कधी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून चेपलेल्या बाटल्या फुंकून फुंकून परत गोल केल्या. सर जमिनीवर मांडी घालून बसले होते, गुडघे दुखत असताना. परतीच्या वाटेवर त्यांनी शिबिराची वही माझ्याकडं दिली, आणि त्यानंतर खैरपाळला ते कधी आले नाहीत.

वही मी घेतली. नको म्हणायला हवं होतं, असं पुष्कळदा वाटलं. पण ते मला हवं होतं, आणि हवी असलेली गोष्ट हातात आल्यावर परत करायला जे लागतं ते माझ्यात नव्हतं. सतरा वर्षं मी ते शिबिर घेतलं. चांगलं घेतलं, असं लोक म्हणतात. पहिल्या दिवशी तंबू ठोकायच्या आधी सगळ्यांना ढिवरटोलीत न्यायचं आणि तलावात कुठं काय आहे ते त्यांच्याकडून ऐकायचं, हा नियम मी केला. का केला, ते कोणाला सांगितलं नाही.

पुढच्याच डिसेंबरात मी सगळ्यांच्या दोन दिवस आधी, एकटीच गेले होते. सोमाजी अंगणात उन्हाला बसून जाळं सांधत होते. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, दर दोन टाक्यांनी खोकला. डोंगा घरामागं पालथा पडला होता.

"पाण्यात नाही जात आता?" मी विचारलं.

ते नुसते हसले आणि यशोदाबाईकडं पाहिलं. ती चुलीपाशी माझ्यासाठी चहा टाकत होती. "मागच्या हिवाळ्यापासून नाई जात. छाती धरते त्यायची," ती म्हणाली. मी तशीच उभी होते, माझ्या तोंडाकडं बघून तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"तुमच्यानं नाई बाई," ती म्हणाली. "वय झालं आता त्यायचं."

मी 'हो' म्हणाले, आणि चहा घेतला. ती खरं बोलत होती का, हे मी तिला त्या दिवशी विचारलं नाही. त्या सतरा वर्षांत कधीच विचारलं नाही.